कोलेस्टेरॉलची गोळी: मेडिकलच्या काउंटरवरून दिसतं ते

पहिल्या स्ट्रिपला माणूस घाबरलेला असतो. हातात लॅबचा रिपोर्ट, वाढलेले आकडे ठळक अक्षरांत, सोबत बायको नाहीतर मुलगा. दुसऱ्या स्ट्रिपला तो एकटाच येतो आणि मोबाइलवर बोलत बोलत चिठ्ठी पुढे सरकवतो. तिसऱ्या स्ट्रिपला बरेचजण येतच नाहीत.

तालुक्याच्या गावात मेडिकल चालवताना हे इतक्यांदा पाहिलंय, की आता चेहऱ्यावरून अंदाज येतो. डॉक्टरांकडे हा माणूस सहा महिन्यांनी जाणार. माझ्याकडे मात्र दर महिन्याला यायला हवा. त्याने गोळी सोडली हे सगळ्यात आधी मलाच कळतं. डॉक्टरांना कळतं ते पुढच्या रिपोर्टला, आणि एखाद्याचं तर थेट आयसीयूत.

सोडण्यामागे आळस कमी आणि गैरसमज जास्त असतो. ॲसिडिटीची गोळी घेतली की जळजळ थांबते, तापाची घेतली की ताप उतरतो. कोलेस्टेरॉलच्या गोळीने काहीच ‘वाटत’ नाही, कारण वाढलेल्या कोलेस्टेरॉलनेही काही वाटत नव्हतं. ज्याचा त्रास नव्हता, त्याच्यासाठी रोज गोळी कशाला? प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर जरा मुळापासून देतो.

माळकऱ्यालाही कोलेस्टेरॉल का होतं

‘गळ्यात माळ आहे माझ्या, अंडंसुद्धा शिवत नाही, मग मला कुठून आलं?’ आमच्या भागात हे वाक्य हमखास ऐकू येतं. कारण असं, की शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल ताटातून येत नाही, ते शरीर स्वतः बनवतं आणि त्यात यकृताचा वाटा मोठा. ते लागतंही. पेशींच्या आवरणाला, हार्मोन्सना, पित्ताला, ड जीवनसत्त्वाला. बिघडतं ते प्रमाण. रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएल नावाचे कण जास्त झाले, की ते वर्षानुवर्षं रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून साठत राहतात. तो थर एखाद्या दिवशी फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाहिनी बंद पडते. हार्ट अटॅक बहुधा असा येतो.

तेलाच्या पिशवीवर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ छापलेलं असतं त्याचं मला नेहमी हसू येतं. शेंगदाण्याच्या तेलात कोलेस्टेरॉल कधी नव्हतंच. कुठल्याही वनस्पतीजन्य तेलात ते असलंच तर नावापुरतं असतं. म्हणून खाण्याचं पथ्य सोडा असं मी म्हणत नाही. साजूक तूप, वनस्पती तूप आणि तळणीतली चरबी यकृताच्या कामावर परिणाम करतेच. पण ज्याच्या यकृताची घडणच जास्त कोलेस्टेरॉल ठेवण्याची आहे, त्याला नुसत्या पथ्याने भागत नाही.

आता गोळी. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन, सिमव्हास्टॅटिन: शेवटी ‘स्टॅटिन’ असलेली ही सगळी एकाच घराण्यातली. यकृतात कोलेस्टेरॉल बनवणारं एक एन्झाइम असतं, स्टॅटिन त्याला अडवतं. घरची म्हैस आटली की आपण बाहेरून दुधाचा रतीब लावतो ना, तसं यकृत करतं. घरचं उत्पादन घटलं, की ते आपल्या पृष्ठभागावर एलडीएल पकडणारे जास्त हुक लावतं आणि रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. रक्तातला आकडा उतरतो तो प्रामुख्याने या रतिबामुळे. हे हुक शोधून काढणाऱ्या ब्राऊन आणि गोल्डस्टीन या अमेरिकन शास्त्रज्ञांना १९८५ चं नोबेल मिळालं.

औषध मात्र सापडलं जपानमध्ये. अकिरा एन्डो या शास्त्रज्ञाने दोन वर्षं हजारो बुरशी तपासल्या. १९७३ साली हाती लागलेला पहिला स्टॅटिन होता क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या निळसर-हिरव्या बुरशीतला. आपण असा तांदूळ नाक मुरडून फेकला असता. बाजारात आलेलं पहिलं स्टॅटिन अमेरिकेत १९८७ साली मंजूर झालं, आणि १९९४ मध्ये ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या स्कॅन्डिनेव्हियन चाचणीने मोठी शंका मिटवली. पाचेक वर्षं सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते. गोळीने नुसता आकडा सुधारत नाही, माणूस जगतो, हे तिथे दिसलं.

‘रिपोर्ट नॉर्मल आला, आता बंद करू?’

रोज कुणीतरी विचारतंच. एकदा एका शेतकरी काकांना मी विचारलं, ‘विहीर खोदताना मोटर लावून पाणी उपसता. तळ दिसला म्हणून मोटर बंद केली तर?’ काका म्हणाले, ‘सकाळपर्यंत भरंल की.’ तेच हे. यकृताचा झरा आटलेला नाही, गोळी रोज उपसा करतेय म्हणून पातळी खाली आहे. गोळी थांबवली की काही आठवड्यांत एलडीएल पुन्हा मूळपदावर जातं, आणि ते वर गेलेलं तुम्हाला जाणवत नाही. रिपोर्ट नॉर्मल आला याचा अर्थ गोळी लागू पडतेय, इतकाच.

आणखी एक घोळ लॅबच्या कागदावर असतो. तिथे छापलेली ‘नॉर्मल’ची मर्यादा सगळ्यांना एकच असते, तुमची मर्यादा वेगळी असू शकते. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये भारतीयांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत साधारण धोका असलेल्यांना एलडीएल १०० च्या खाली, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या जास्त धोक्याच्या लोकांना ७० च्या खाली, आणि अटॅक येऊन गेलेल्यांसारख्या अति धोक्याच्या रुग्णांना ५५ च्या खाली ठेवायला सांगितलंय. म्हणजे अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाचा एलडीएल ९५ आला आणि कागदावर ठळक अक्षर दिसलं नाही, तर तो खूश होऊन पेढे आणतो. डॉक्टर मात्र डोस वाढवतात. मग काउंटरवर माझ्याशी भांडण: ‘नॉर्मल असताना डोस वाढवला, डॉक्टरचं नि तुमचं काही सेटिंग आहे का?’ सेटिंग नाही. उद्दिष्ट वेगळं आहे.

डोसचंही एक गणित आहे. १० ची गोळी २० ची केली की परिणाम दुप्पट होत नाही. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला की एलडीएल साधारण आणखी ६ टक्क्यांनीच उतरतं, कारण बहुतेक काम पहिल्याच डोसने झालेलं असतं. त्यामुळे ‘रिपोर्ट वाढला म्हणून मी स्वतःच दोन घेतो’ यात फायदा थोडा आणि त्रासाची शक्यता जास्त. अशा वेळी डॉक्टर कधीकधी एझेटिमाइबसारखं दुसऱ्या वाटेने काम करणारं औषध जोडतात. अमेरिकेतल्या मुलाने फोनवर सांगितलेला डोस इथे लावायचा नाही, हेही सांगून ठेवतो. रोसुव्हास्टॅटिनची रक्तातली पातळी भारतीयांसह आशियाई वंशाच्या लोकांत गोऱ्यांपेक्षा जास्त चढते. अमेरिकेतल्याच लेबलवर अशा रुग्णांना ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करायला सांगितलेलं आहे.

पाय दुखतात

गोळी सुटण्याचं दुसरं मोठं कारण हे, आणि इथे मेडिकलवाल्याने घाई करता कामा नये. ‘काही होत नाही हो, घ्या गपचूप’ म्हणणं चूक, आणि ‘मग बंद करा’ म्हणणं त्याहून चूक.

स्टॅटिनने स्नायू दुखू शकतात, हे खरं आहे. पण दुखणाऱ्या प्रत्येक पायाला स्टॅटिन जबाबदार नसतं. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजने एक हुशार चाचणी केली, तिचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेली ६० माणसं घेतली. त्यांना बारा महिन्यांच्या बारा बाटल्या दिल्या: चार स्टॅटिनच्या, चार हुबेहूब दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्यांच्या आणि चार रिकाम्या. रोज त्रास किती होतो ते त्यांनी फोनवर नोंदवायचं. स्टॅटिनच्या महिन्यांत जितका त्रास झाला, त्याच्या ९० टक्के बिनऔषधी गोळीच्या महिन्यांतही झाला. त्रास खोटा नव्हता, दुखत होतंच. पण तो बहुतांशी गोळी घेण्याच्या धास्तीतून येत होता, औषधातून नव्हे. चाचणी संपल्यावर त्यांतल्या निम्म्या लोकांनी पुन्हा स्टॅटिन सुरू केलं.

म्हणून मी आधी विचारतो. दुखणं दोन्ही बाजूंना आहे का? मांड्या, खांदे, दंड असे मोठे स्नायू दुखतात, की फक्त एक गुडघा? गोळी सुरू झाल्यावर किंवा डोस वाढल्यावर काही आठवड्यांत लागलं, की ऊसतोडणीच्या हंगामात? थायरॉइड कधी तपासलाय? थायरॉइड मंद असेल तर तो स्नायूही दुखवतो, कोलेस्टेरॉलही वाढवतो आणि स्टॅटिनचा त्रासही. एकाच रक्ततपासणीत तीन कोडी सुटतात. खरंच गोळीचा त्रास असेल, तरी वाट बंद होत नाही. डॉक्टर डोस कमी करतात, घराण्यातलं दुसरं स्टॅटिन देतात किंवा काही जणांना एक दिवसाआड देतात. फक्त हा निर्णय तुम्ही आणि मी काउंटरवर उभ्या उभ्या घ्यायचा नाही.

एका बाबतीत मात्र वाट पाहायची नाही. स्नायू प्रचंड दुखतायत, अंगात ताकद नाही आणि लघवी काळ्या चहासारखी होतेय, तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्नायू विरघळून किडनीवर ताण येण्याचा हा प्रकार फार दुर्मीळ आहे, पण तो ओळखता आला पाहिजे.

स्टॅटिनने शुगर किंचित वाढू शकते, हेही लोक वाचून येतात. खरं आहे. जे मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत त्यांच्यात ते दिसतं. पण मधुमेहीच हृदयविकाराच्या जास्त धोक्यात असतात, म्हणून त्यांना स्टॅटिनचा फायदाही मोठा. हिशेब गोळीच्या बाजूने जातो. ‘लिव्हर खराब होतं’ या भीतीबद्दल इतकंच: सुरू करण्यापूर्वी एकदा तपासणी होते. पुढे ठरावीक काळाने उगाच तपासत राहायची गरज नाही, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्येच म्हटलंय. डोळे पिवळे दिसले, भूक मेली, तर तपासायचंच. आणि तरुण मुलींना एक गोष्ट मी हळू आवाजात विचारतो: दिवस राहिलेत किंवा तसा विचार आहे का? असेल तर ही गोळी सहसा थांबवतात. आधी डॉक्टरांशी बोला.

रक्त पातळ करायची गोळी ही नव्हे

माझ्या मते आपल्याकडचा सर्वांत धोकादायक गोंधळ हा आहे. लोक कोलेस्टेरॉलच्या गोळीलाही ‘रक्त पातळ व्हायची गोळी’ म्हणतात. रक्त पातळ करणारी म्हणतात ती ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, म्हणजे गुठळी धरू न देणारी औषधं. स्टॅटिनचं काम वेगळं.

पण दोष निव्वळ लोकांचा नाही. आपल्या बाजारात एकाच कॅप्सूलमध्ये स्टॅटिन आणि ॲस्पिरिन, किंवा स्टॅटिन, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशी तिन्ही मिळतात. दाढ काढायची म्हणून कुणीतरी सांगतं, ‘रक्त पातळ व्हायची गोळी चार दिवस बंद ठेवा.’ माणूस कॅप्सूल बंद करतो. त्याबरोबर स्टॅटिनही बंद. दाढ निघते, जखम भरते, कॅप्सूल काही पुन्हा सुरू होत नाही. स्टेंट बसवलेल्या माणसाने तर क्लोपिडोग्रेल स्वतःच्या मनाने एक दिवसही थांबवू नये. आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन.

याचंच उलटं रूप: पुण्याच्या डॉक्टरांनी एका नावाची गोळी दिली, गावातल्या डॉक्टरांनी दुसऱ्या नावाची. माणूस दोन्ही इमानेइतबारे घेतो. एकात अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, दुसऱ्यात रोसुव्हास्टॅटिन आणि दोन्हींत ॲस्पिरिन. हे पकडायला कुठलं मशीन लागत नाही, सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून आणल्या की पुरतं. मावशी कधी कधी गव्हाच्या पिठाच्या पिशवीतून ओततात काउंटरवर. चालतं.

बरोबर दुसरं काय चाललंय?

गेल्या काही वर्षांत गजकर्णाने लोक हैराण आहेत. त्यासाठी इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल सर्रास दिल्या जातात, आणि कित्येकजण जुनी चिठ्ठी दाखवून परस्पर मागतात. यकृतातलं जे एन्झाइम अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आणि सिमव्हास्टॅटिनचा निचरा करतं, त्यालाच इट्राकोनाझोल अडवतं. मग स्टॅटिन रक्तात साठत जातं आणि स्नायूंवर उठतं. सिमव्हास्टॅटिनबरोबर तर ते द्यायचंच नाही. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचंही तेच. त्वचेच्या डॉक्टरांकडे गेल्यावर कोलेस्टेरॉलच्या गोळीचा उल्लेख करायचं कुणाला सुचतं? खाजेचा आणि हृदयाचा काय संबंध! म्हणून तो प्रश्न मीच विचारतो, आणि उत्तर ‘हो’ आलं तर डॉक्टरांना फोन लावतो.

रोसुव्हास्टॅटिनची अडचण वेगळी. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम असलेलं पातळ अँटासिड, म्हणजे ते गुलाबी किंवा पांढरं औषध, त्याच वेळी घेतलं तर गोळी जवळपास निम्मीच शोषली जाते. आधी गोळी, दोन तासांनी अँटासिड. एवढ्याने काम होतं.

परदेशी लेखांत ग्रेपफ्रूटची ताकीद असते. आपल्याकडे ते फारसं कुणी खात नाही, पण पपनस त्याचंच पूर्वज. कोकणात आणि गोव्यात गणपतीपुढच्या माटोळीला बांधतात ते. प्रसादाच्या दोन फोडींनी काही बिघडत नाही. रोज पेलाभर रस प्यायची सवय असेल तर मात्र सांगा. आणि ‘नैसर्गिक’ म्हणून रेड यीस्ट राइसच्या गोळ्या ऑनलाइन मागवत असाल तर तेही सांगा. त्यातला मुख्य घटक आणि पहिलं बाजारी स्टॅटिन रसायन म्हणून एकच आहेत. म्हणजे तुम्ही स्टॅटिनवर स्टॅटिन घेताय, तेही न मोजता.

वेळ, उपास, खाडा

सिमव्हास्टॅटिन शरीरात फार टिकत नाही आणि यकृत कोलेस्टेरॉल जास्त बनवतं रात्री, म्हणून ती झोपताना. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन लांब टिकतात, दिवसातून कधीही चालतात. डॉक्टर रात्रीची लिहितात ती सवयीने. रात्री विसरत असाल तर विचारून सकाळच्या बीपीच्या गोळीला जोडून घ्या. जेवणाशी या दोन्हींचा संबंध नाही. म्हणजे एकादशी, नवरात्र, रोजा, कशासाठीही गोळी चुकवायला सबब उरत नाही. साबुदाणा, शेंगदाणे, तूप दुप्पट होतं त्या दिवशी तर नकोच चुकवायला. खाडा पडला तर दुसऱ्या दिवशी एकच घ्या, मागची वसुली करायची नाही.

परवडत नसेल तर ते मोकळेपणाने बोला. अर्ध्या गोळ्या खाऊन किंवा महिनाआड घेऊन लोक पैसे वाचवतात आणि लाजेने सांगत नाहीत. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, जनऔषधी केंद्रात बरंच स्वस्त मिळतं. फक्त चिठ्ठीवरच्या ब्रँडऐवजी दुसरा ब्रँड मी माझ्या अधिकारात देऊ शकत नाही, आपल्या औषध नियमांत ते बसत नाही. डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, म्हणजे प्रश्न मिटतो.

मेडिकलवाल्याला एवढं सगळं विचारायचा हक्क आहे का, असं वाटेल. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०१५ च्या नियमांनुसार रुग्णाचं समुपदेशन हे नोंदणीकृत फार्मासिस्टचं कामच आहे. इंग्लंडमध्ये २०११ पासून नवीन औषध सुरू केलेल्या रुग्णाशी फार्मासिस्टने पहिल्या महिन्याभरात ठरवून बोलायची सरकारी योजना आहे, आणि २०२१ मध्ये त्यात कोलेस्टेरॉलचाही समावेश झाला. त्या बोलण्याचे फार्मासिस्टला पैसे मिळतात. आपल्याकडे मिळत नाहीत. त्यात संध्याकाळी सात वाजता काउंटरवर दहा माणसं असतात, आणि काही दुकानांत तर सर्टिफिकेट भिंतीवर आणि फार्मासिस्ट भलतीकडेच, हे आमच्या धंद्याचं उघडं गुपित आहे. तेव्हा पहिल्यांदा गोळी घ्याल त्या दिवशी ‘फार्मासिस्ट कोण आहे?’ असं सरळ विचारा. दुपारी तीनच्या सुमारास या, तेव्हा दुकान रिकामं असतं.

मी एक वही ठेवलीय. नवीन स्टॅटिन सुरू झालेल्याचं नाव, स्ट्रिप संपायची तारीख, फोन. तारीख उलटून आठवडा झाला की फोन करतो. काहींना राग येतो, ‘धंद्यासाठी फोन करतोस’ म्हणतात. दुसऱ्या दुकानातून घेतली असेल तर चांगलंच आहे म्हणतो आणि ठेवतो. पण ‘अरे, ती होय, ती तर मी कधीच बंद केली’ हे उत्तर इतक्या सहज येतं, की फोन चालू ठेवलेत.

आणि एक छोटं काम तुमच्याकडे. पुढच्या वेळी चिठ्ठी सापडली नाही तर रिकामी स्ट्रिप आणाच, पण गोळ्या काढताना ज्या टोकाला औषधाचं नाव आणि तारीख छापलीय ते टोक शेवटी फोडा. निम्म्या स्ट्रिप माझ्याकडे येतात तेव्हा नेमकं तेच टोक कातरून फेकलेलं असतं, आणि मग ‘ती पांढरी, छोटी, गोल’ एवढ्या वर्णनावर शोध सुरू होतो.